मातीतला जिवाणू 'नवी प्रजाती' आहे, हे नेमकं केव्हा म्हणायचं?

शेवाळी
नमस्कार मंडळी. एका खाऱ्या पाणथळ जागेच्या मातीतून जिवाणू वेगळे करायचं काम सध्या चालू आहे. पातळ केलेल्या माध्यमावर, कमी तापमानाला, बरेच दिवस ठेवलेल्या प्लेटांवर एक फिकट नारिंगी कॉलनी मिळाली. गोल, चकचकीत, कडेला थोडी पारदर्शक. ग्रॅम-ऋण, आखूड काठीसारख्या पेशी, मिठाशिवाय अजिबात वाढत नाही. जिवाणूंची नाती ताडायला वापरतात त्या १६एस आरआरएनए जनुकाचे सुमारे १,४०० बेस (डीएनएची अक्षरं) वाचता आले. नाव असलेल्या सगळ्यांत जवळच्या प्रजातीशी साम्य ९८.२ टक्के.

प्रयोगशाळेत आता दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, ९७ च्या वर आहे म्हणजे तीच जुनी प्रजाती, विषय संपला. दुसरा तट म्हणतो ९८.७ च्या खाली आहे म्हणजे नवी, लिहायला घ्या. मला दोन्ही पटत नाही. एवढ्या एका आकड्यावर कुठल्याच बाजूने इतकं ठाम कसं बोलणार? तुम्ही हा निर्णय कसा घेता? आणि कुठल्या टप्प्यावर छातीठोकपणे म्हणता की हे नवं आहे?

थंड_इनक्युबेटर
अरे वा, अभिनंदन! मिठाशिवाय वाढत नाही म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणारा जिवाणू आहे. नाव काय ठेवणार?

अगार_अगार
नावाचं नंतर बघू. शेवाळी, पहिला प्रश्न: तो एकटा आहे का?

गंमत करत नाहीये. पर्यावरणातल्या नमुन्यांतले जिवाणू एकमेकांना चिकटून येतात. दोन दिवसांच्या प्लेटवर सगळं एकसारखं नारिंगी दिसतं. तीच प्लेट आठवडाभर ठेव आणि तिसऱ्या स्ट्रीकच्या (प्लेटवर ओढलेल्या रेघेच्या) टोकाला, जिथे कॉलन्या सुट्या पडतात तिथे, तिरप्या उजेडात बघ. पुष्कळदा मोठ्या कॉलनीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. तो दुसरा भिडू. त्याला पहिल्याने सोडलेलं काहीतरी लागतं, म्हणून तो एकटा वाढत नाही आणि पुन्हापुन्हा स्ट्रीक करूनही सोबत येत राहतो. अशा जोडीचा जीनोम काढलास तर दोघांची खिचडी हाती येईल आणि पुढचे सगळे आकडे फुकट जातील.

सिक्वेन्सिंगचा आलेख स्वतः उघडून बघ. एकाच जागी दोन रंगांची शिखरं दिसतात का? आणि वेगळ्या माध्यमावर, वेगळ्या तापमानाला पुन्हा स्ट्रीक कर.

गुणसूत्र
शिखरांबद्दल एक पुरवणी. दोन शिखरं दिसली की लगेच भेसळ समजू नका. बऱ्याच जिवाणूंत १६एस जनुकाच्या एकाहून जास्त प्रती असतात, ई. कोलायमध्ये ७ आहेत. त्या प्रतींत थोडा फरक असला तरी शुद्ध कल्चरमधूनही दुहेरी शिखरं येतात. भेसळ की प्रतींमधला फरक, याचा खात्रीचा निकाल जीनोमच देतो.

आता ९७ आणि ९८.७ चं भांडण. दोन्ही आकडे १६एस मधून जन्मलेले नाहीत, ते डीडीएच या जुन्या कसोटीवरून बेतले आहेत. दोन जिवाणूंचे डीएनए उष्णतेने उलगडायचे, एकत्र करायचे आणि एकाचा धागा दुसऱ्याशी किती जुळतो ते मोजायचं. १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ठरवलं की साधारण ७० टक्के किंवा जास्त जुळलं तर प्रजाती एक. पण हे काम किचकट, मोजक्याच प्रयोगशाळा नीट करायच्या, आणि दोन ठिकाणची उत्तरं जुळतीलच असं नाही. मग १९९४ मध्ये स्टाकेब्रांट आणि ग्योबेल यांनी दाखवलं की १६एस साम्य ९७ च्या खाली असेल तर डीडीएच ७० च्या वर जात नाही, म्हणजे तिथे डीडीएच करायची गरज नाही. माहिती वाढल्यावर २००६ मध्ये ही रेषा ९८.७ ते ९९ वर नेली.

हा नियम एकाच दिशेने चालतो. रेषेच्या बराच खाली असलात तर प्रजाती वेगळी असण्याची शक्यता दांडगी. वर असलात तर काहीच सिद्ध होत नाही. तुझ्या पहिल्या तटाने नेमका तो उलटा लावलाय.

चौकस
मी या क्षेत्रातला नाही, धागा आवडला म्हणून विचारतो. प्राण्यांत आपण म्हणतो, ज्यांची आपसात प्रजननक्षम संतती होते ते एका प्रजातीचे. जिवाणू तर नुसते दुभंगतात. मग त्यांच्यात प्रजाती असते तरी का? की सोयीसाठी माणसाने आखलेल्या रेषा?

बिनपेशी
सोयीच्या रेषाच, चौकस. उदाहरण घ्या. शिगेला आणि ई. कोलाय यांचे जीनोम शेजारी ठेवले तर प्रजाती एकच ठरते. तरी नावं वेगळी आहेत आणि जीनससुद्धा (प्रजातीच्या वरची पातळी) वेगळे. का? आमांशाच्या रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा गोंधळ नको म्हणून. बॅसिलस अँथ्रॅसिस, सिरियस आणि थुरिंजिएन्सिस यांचं १६एस जवळपास सारखं. काळपुळी होणार की नाही, हे मुख्यतः प्लाझ्मिडवरची (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवरची) जनुकं ठरवतात, आणि प्लाझ्मिड एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतो. जिथे शेजारी एकमेकांना जनुकं देतात तिथे 'प्रजाती' या शब्दावर फार भार टाकू नये, असं माझं मत.

जुनाजाणता
बिनपेशी, उदाहरणं बरोबर आहेत. निष्कर्षाशी मी सहमत नाही.

रेषा निव्वळ सोयीची असती तर जीनोमची एकमेकांशी तुलना केल्यावर सगळ्या टक्केवाऱ्या सारख्याच विखुरलेल्या दिसल्या असत्या. तसं दिसत नाही. दोन जीनोममधल्या समान भागांचं सरासरी साम्य काढतात, त्याला एएनआय म्हणतात. २०१८ मध्ये सुमारे ९०,००० जीनोमची अशी तुलना प्रसिद्ध झाली. बहुतेक जोड्या एकतर ९५ च्या वर होत्या किंवा ८३ च्या खाली. मधला पट्टा जवळजवळ रिकामा. ही दरी कुठल्या समितीने ठराव करून पाडलेली नाही. जुना ७० टक्के डीडीएच म्हणजे एएनआयचे ९५-९६, हे त्याआधीच लक्षात आलं होतं. म्हणजे जुन्या मंडळींनी अंदाजाने ओढलेली रेषा या दरीच्या काठावरच पडली.

दरी का पडते यावर अजून वाद आहेत. एक म्हणणं असं, की जवळच्या नातेवाइकांत डीएनएची अदलाबदल सहज होते आणि ती त्यांना एकत्र धरून ठेवते. फरक वाढला की तुकडा जुळवून घेणं अवघड होतं आणि वाटा फुटतात. दुसरं म्हणणं, एका परिस्थितीला उत्तम जमलेला वाण बाकीच्यांना मागे सारतो आणि मधले दुवे पुसले जातात. दोन्ही एकाच वेळी घडत असणं मला जास्त पटतं.

शिगेला हा अपवाद इतिहासाने आणि दवाखान्याने जपलाय. अपवाद आहे म्हणून दरी नाही असं होत नाही.

चौकस
काका, अगदी नीट समजलं. धन्यवाद.

मृण्मयी_०७
वाचनखूण साठवली.

बिनपेशी
दरी मान्य. पण ते ९०,००० जीनोम कोणाचे? रोगजंतू आणि माणसाच्या कामाचे जिवाणू त्यात किती जास्त! माती आणि समुद्रातला बहुसंख्य पसारा अजून मोजलेलाच नाही. तो मोजल्यावर मधला पट्टा भरेलही.

जुनाजाणता
आक्षेप रास्त आहे. म्हणूनच शेवाळीसारख्यांनी मातीत हात घातला पाहिजे.

रानवाटा
आकड्यांइतकंच महत्त्वाचं एक विचारायचं राहिलं. शेवाळी, तुझे ते ९८.२ कोणाशी? साध्या ब्लास्ट शोधात (जमा असलेल्या सगळ्या सिक्वेन्सशी ताडून बघण्यात) वरती येतात ते पुष्कळदा 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम क्लोन' असतात, म्हणजे मातीतून थेट उचललेला डीएनए, ज्याचा जिवाणू कोणी पाहिलेला नाही. कधी भलत्याच नावाने जमा केलेला सिक्वेन्स येतो. तिथे ९९.८ आले तरी तुझ्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तुलना टाइप स्ट्रेनशीच करायची, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं त्या वाणाशी. टाइप स्ट्रेनपुरता शोध घेता येतो असा इझबायोक्लाउडसारखा संच वापर.

शेवाळी
९८.२ टाइप स्ट्रेनशीच आहे. साध्या शोधात ९९.६ चा एक अनकल्चर्ड क्लोन आला होता, तोही खाऱ्या मातीतलाच. आलेख पाहिला, दुहेरी शिखरं नाहीत. शुद्धतेचं काम पुन्हा करतेय. तिरप्या उजेडाची युक्ती छान आहे, अगार.

थंड_इनक्युबेटर
टाइप स्ट्रेनला एवढं महत्त्व का, हे चौकससारख्यांसाठी कोणी उलगडून सांगाल का? मीही वाचेन.

रानवाटा
जिवाणूचं नाव शेवटी एका प्रत्यक्ष स्ट्रेनला बांधलेलं असतं. वर्णनात काहीही लिहा, वाद झाला की तो स्ट्रेन आणून तपासायचा. म्हणूनच नियम असा की नव्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये जमा हवा आणि मागणाऱ्याला मिळाला पाहिजे. पेटंटसाठी राखून ठेवलेला, कोणाला न मिळणारा स्ट्रेन चालत नाही.

याचं मोल किती, ते थर्मस ॲक्वाटिकसवरून कळतं. यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून ब्रॉक आणि फ्रीझ यांनी तो वेगळा केला आणि १९६९ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्या वेळी त्याचा काही उपयोग होईल असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. स्ट्रेन अमेरिकेतल्या कलेक्शनमध्ये ठेवला गेला. १९८० च्या दशकात पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती काढण्यासाठी) उष्णता सोसणारं पॉलिमरेज एन्झाइम हवं होतं, तेव्हा त्या लोकांना झऱ्यावर जावं लागलं नाही, कलेक्शनमधून कुपी मागवून काम झालं. आज जगभर पीसीआर चालतो त्यामागे ती कुपी आहे. शेवाळीने काढलेल्या आलेखांपेक्षा तिने जपलेला स्ट्रेन जास्त टिकणार आहे, असं मला मनापासून वाटतं.

अगार_अगार
+१००

गुणसूत्र
नव्या म्हणून जाहीर झालेल्या प्रजाती परत बुडतातही. भारतीयांना जवळचं उदाहरण बॅसिलस आर्यभट्टाय. इस्रोच्या प्रयोगात फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली होती, त्यातल्या जिवाणूंपैकी तीन नव्या प्रजाती म्हणून २००९ मध्ये जाहीर झाल्या. जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि हा आर्यभट्टाय. पुढे जीनोमची तुलना झाल्यावर आर्यभट्टाय हा जुन्या बॅसिलस मेगाटेरियमचाच भाग असल्याचं दिसलं. मेगाटेरियमलाही आता प्रिस्टिया या वेगळ्या जीनसमध्ये हलवलंय.

यात कोणाची नाचक्की नाही. त्या काळी उपलब्ध असलेल्या कसोट्यांनी काम झालं होतं. स्ट्रेन जमा होता, म्हणून तर तपासता आला.

उलटंही घडतं. १९९२ मध्ये बॅसिलस ग्लोबिस्पोरस आणि बॅसिलस सायक्रोफिलस यांचं १६एस ९९.५ टक्क्यांहून जास्त जुळलं, पण डीडीएचने प्रजाती वेगळ्या निघाल्या. तुझ्या पहिल्या तटाला हे वाचायला दे.

बिनपेशी
दोन देशांत जिवंत स्ट्रेन जमा करा, या अटीवर माझा मोठा आक्षेप आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी आणि प्लेटवर उगवणाऱ्या कॉलन्या यांच्यातली प्रचंड तफावत स्टॅली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्येच ठळकपणे मांडली होती. मातीतले बहुतेक जिवाणू प्लेटवर येतच नाहीत. त्यांचे संपूर्ण जीनोम आज नमुन्यातून थेट जुळवता येतात. त्यांना नाव का नको? १९९० च्या दशकापासून 'कँडिडेटस' ही उपाधी लावून त्यांना ताटकळत ठेवलंय. जीनोमलाच टाइप मानावं हा प्रस्ताव २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने फेटाळला. शेवटी २०२२ मध्ये सीक्कोड नावाची वेगळी संहिताच काढावी लागली. थायोमार्गारिटा मॅग्निफिका बघा. ग्वादलूपच्या खारफुटीत सापडलेला, २ सेंटिमीटरपर्यंत लांब, नुसत्या डोळ्यांना दिसणारा जिवाणू. प्रयोगशाळेत वाढत नाही म्हणून तोही कँडिडेटस!

रानवाटा
नाव द्यायला माझी ना नाही. नमुन्यातून जुळवलेला जीनोम हा पुष्कळदा अनेक पेशींच्या तुकड्यांचा संच असतो, तो एका जीवाचा आहे हे गृहीत धरावं लागतं. तो काय खातो, किती मीठ सोसतो, हे जनुकांवरून अंदाजाने सांगता येतं, दाखवता येत नाही. दोन संहिता समांतर चालल्या तर एकाच जिवाणूला दोन नावं पडण्याचा धोकाही आहे.

आणि 'वाढत नाही' हे वाक्य कायमचं नसतं. सारगॅसो समुद्रातला एसएआर११ गट १९९० मध्ये फक्त आरआरएनएवरून कळला होता. २००२ मध्ये तो वाढवला, तोही निर्जंतुक केलेल्या समुद्राच्याच पाण्यात, अगदी थोडे पोषक घटक देऊन. आपण घालतो त्या मेजवानीची त्याला गरजच नव्हती.

बिनपेशी
१९९० ते २००२. एका गटासाठी एवढी वर्षं. बाकीचे गट किती आहेत ते बघा म्हणजे माझी घाई कळेल.

मृण्मयी_०७
तुमच्या वादातून मला जास्त शिकायला मिळतंय. एक विचारू? वर्णनात अजून फॅटी ॲसिड, क्विनोन, ध्रुवीय लिपिड असलं पेशीतल्या रसायनांचं बरंच काही मागतात. जीनोम असताना याची खरंच गरज आहे का? या कामात खूप वेळ जातो.

अगार_अगार
माझं मत, काही भागांची आहे. क्विनोनचा प्रकार आणि पेशीभित्तिकेची रचना यांनी जीनसच्या पातळीवर चांगला आधार मिळतो. फॅटी ॲसिडचं प्रमाण मात्र माध्यम, तापमान आणि पेशींचं वय यांप्रमाणे बदलतं. म्हणून जुन्या लेखातले आकडे उचलून स्वतःच्या तक्त्यात टाकणं मला अजिबात मान्य नाही. शेजारचे टाइप स्ट्रेन मागवायचे, सगळे एकाच माध्यमावर, एकाच तापमानाला, एकाच टप्प्यापर्यंत वाढवायचे आणि मग तुलना करायची. तसं करायचं नसेल तर तो तक्ता छापूच नये. दोन टक्क्यांच्या फरकावर 'हे वेगळेपण' म्हणून लिहिलेले तक्ते वाचले की चिडचिड होते.

पण मीठ, तापमान, सामू यांच्या मर्यादा, तो काय वापरतो, काय तोडतो, हे मन लावून करावं. इडिओनेला साकाइएन्सिस २०१६ मध्ये जगासमोर आला तो पीईटी प्लास्टिक खाऊन वाढतो म्हणून. आधी प्लास्टिकच्या पापुद्र्यावर सूक्ष्मजीवांचा अख्खा समूह वाढताना दिसला, मग त्यातून हा एक सुटा केला. जिवाणू काय करतो हे बघायची इच्छा असल्याशिवाय असं हाती लागत नाही.

थंड_इनक्युबेटर
नावाकडे कधी येणार आपण?

जुनाजाणता
येऊ या. नाव लॅटिन पद्धतीचं लागतं आणि विशेषणाचं लिंग जीनसच्या लिंगाशी जुळावं लागतं. बॅसिलस पुल्लिंगी, स्यूडोमोनास स्त्रीलिंगी. व्याकरण चुकलं की ते दुरुस्त करायला लावतात. नाव कशावरून आलं तेही लिहायचं. स्वतःचं नाव स्वतःच्या जिवाणूला देऊ नये अशी सूचना आहे, आणि ती पाळावी. गुणावरून नाव देताना थोडं जपून. आज 'नारिंगी' म्हणशील आणि उद्या त्याच प्रजातीचा पांढरा स्ट्रेन सापडेल.

आयजेएसईएम हे या कामाचं अधिकृत नियतकालिक. वर्णन दुसरीकडे छापलं तर नाव त्यांच्या वैधता-यादीत यावं लागतं, तोवर ते वैध धरत नाहीत. ही शिस्त लागली १९८० मध्ये. १ जानेवारी १९८० ला मान्य नावांची यादी निघाली आणि तिच्यात नसलेली जुनी नावं बाद झाली. झाडांच्या नावांसाठी लोक अठराव्या शतकातले ग्रंथ उलटतात, आपली सुटका झाली.

मृण्मयी_०७
आणि २०२१ मध्ये जिवाणूंच्या संघांची (फायलम या मोठ्या गटांची) नावं बदलली त्याचं काय? फर्मिक्युट्सचं बॅसिलोटा आणि प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनाडोटा झालं. अजून तोंडात बसत नाही.

जुनाजाणता
बसेल. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस फुटून २५ जीनस झाले, तेही हळूहळू अंगवळणी पडतंय.

शेवाळी
मंडळी, परत आले. मध्ये बरंच काम झालं.

शुद्धता तीन वेगळ्या माध्यमांवर तपासली, दुसरा भिडू निघाला नाही. जीनोम आला. त्यात १६एसच्या दोन प्रती आहेत, दोन्ही एकसारख्या आणि आधीच्या सिक्वेन्सशी जुळणाऱ्या. गंमत पुढे आहे. १६एसने जी प्रजाती सगळ्यांत जवळची दाखवली होती, ती जीनोमने दुसऱ्या क्रमांकावर गेली. जीनोमने सगळ्यांत जवळची निघाली तिच्याशीही एएनआय ८९ च्या आसपास आणि डिजिटल डीडीएच (जीनोमवरून संगणकाने काढलेला) ४० च्या खाली. जीनस बदलायची गरज दिसत नाही, झाडात तो त्याच फांदीवर घट्ट बसतो. दोन्ही तट आता एकत्र आलेत.

पण आता नवा वाद. आमच्याकडे स्ट्रेन एकच आहे. एका स्ट्रेनवर प्रजातीचं वर्णन करावं का?

गुणसूत्र
८९ म्हणजे काका म्हणतात त्या रिकाम्या पट्ट्यात की हो! मस्त. ९५ च्या बऱ्यापैकी खाली आहे, त्यामुळे नव्या प्रजातीबद्दल मला शंका नाही. वाचन-खोली (जीनोममधली प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली) किमान ५० पट आहे ना, तेवढं लिहिताना नक्की दे.

बिनपेशी
बघा, पट्टा भरायला लागला :)

जुनाजाणता
एका जोडीने पट्टा भरत नाही, पण नोंद घेतली!

एका स्ट्रेनबद्दल: नियम परवानगी देतो आणि बहुतेक वर्णनं तशीच होतात. तरी मला ते आवडत नाही. एका स्ट्रेनवरून प्रजातीत किती विविधता आहे हे कळत नाही. तू 'नायट्रेट क्षपण करतो' लिहिशील, ते प्रजातीचं लक्षण की त्या एकट्याचं? त्याच मातीत तो एकटाच असेल हे शक्य नाही.

रानवाटा
काकांशी सहमत, पण त्यासाठी अडून बसू नकोस. जीनोम हातात आहे, त्यातला फक्त याच्यापाशी असलेला एखादा जनुक निवड आणि त्यावर प्राइमर (पीसीआरने तो जनुक शोधणारा छोटा डीएनएचा तुकडा) कर. जुन्या प्लेटांवरच्या सगळ्या नारिंगी कॉलन्या त्याने चाळून काढ. मिळाले तर एकाच क्लोनची पिल्लं नाहीत ना तेही बघ, त्यासाठी वेगवेगळ्या जागांच्या नमुन्यांतले घे. ठरवलेल्या मुदतीत दुसरा नाही मिळाला तर एकावर लिही आणि तसं स्पष्ट नमूद कर.

शेवाळी
हे पटलं. प्राइमर उद्याच बघते. कल्चर कलेक्शनकडे लेख लिहून झाल्यावर पाठवू की आधी?

अगार_अगार
आधी. आत्ताच. ते स्वतः वाढवून, शुद्धता तपासून, गोठवून पुन्हा जिवंत होतो का ते बघतात आणि मग प्रमाणपत्र देतात. त्यात खूप वेळ जातो आणि लेख त्यासाठी अडून राहतो. सोबत माध्यमाची पूर्ण कृती, मिठाचं प्रमाण, तापमान आणि किती दिवसांत वाढ दिसते हे लिही. मंद वाढणारा आहे हे कळवलं नाही तर ते दोन दिवसांनी 'वाढ नाही' म्हणून परत कळवतील. आणि गोठवताना ग्लिसरॉलच्या मिश्रणातही मीठ घाल. साध्या पाण्यातल्या ग्लिसरॉलमध्ये असे मीठप्रेमी फुटून मरतात. तुझ्याकडच्या कुप्या दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेव.